नस शाबूत आहे, मग चेहरा का हलत नाही?

पत्र

डॉक्टरताई, स.न.वि.वि.

मी विक्रोळीला राहते. वय ४९. एका पतपेढीत काउंटरवर बसते. दोनेक वर्षांपासून उजव्या कानाने कमी ऐकू येत होतं, फोन आपोआप डाव्या कानाला जायचा. जूनमध्ये एमआरआय केला तेव्हा तीन सेंटिमीटरची गाठ निघाली, कानाच्या नसेवरची, अकूस्टिक न्यूरोमा. ऑगस्टच्या मध्यावर ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची नाही, जवळजवळ सगळी काढली, नसेला चिकटलेला पातळ थर तेवढा मुद्दाम ठेवला, असं सर्जननी सांगितलं. पण शुद्धीवर आल्यापासून चेहऱ्याची उजवी बाजू लोंबलेली आहे. डोळा मिटत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'एचबी ग्रेड ६' असं लिहिलंय. सर्जन म्हणतात, नस शाबूत आहे, धीर धरा. अकरा आठवडे झाले, तसूभरही हललेलं नाही. शाबूत आहे तर हलत का नाही? माझ्यापासून काही लपवताहेत का?

घराजवळच्या क्लिनिकमध्ये मशीनने करंट देतात, शिवाय फुगे फुगवायला आणि च्युइंगगम चघळायला सांगितलंय. सासूबाई पारव्याचं रक्त लावू म्हणतात. माझ्या धाकट्या दिरांचंही तोंड असंच वाकडं झालं होतं, ते गोळ्यांवर महिन्याभरात बरे झाले. नणंद म्हणते, चिरफाड न करता किरणांनी उपचार करतात ते गॅमा नाइफ केलं असतंस तर चेहरा वाचला असता. उजव्या गालाला पावडर लावताना हात लागलेला कळत नाही. डोळा आठवडाभर लाल आहे, सकाळी धूसर दिसतं, पण दुखत नाही म्हणून दाखवला नाही. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. तोवर नीट होईल का?

— एक वाचक, विक्रोळी

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात पुष्कळ प्रश्न आहेत, आणि एक वाक्य असं आहे की त्याला तुम्ही प्रश्न मानलेलंच नाही. डोळा लाल आहे, धूसर दिसतं, पण दुखत नाही. ते वाचल्यावर सदर छापून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून संपादकांकरवी तुम्हाला निरोप धाडला. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी अजून कोणी हे वाचत असेल.

आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लववतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. प्रत्येक वेळी पापणी बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरवते, धूळ बाजूला सारते. तुमची उजवी पापणी हे काम करत नाही, कारण ती मिटवणारी चेहऱ्याची नस, मेंदूतून निघणाऱ्या नसांत सातवी म्हणून 'सातवी नस', सध्या बंद आहे. त्याच नसेबरोबर जाणारे काही बारीक तंतू अश्रू तयार करायला सांगतात, तेही बहुधा गप्प आहेत. म्हणजे डोळा उघडाही आणि कोरडाही. अशा डोळ्यात साधारण माणसाला खुपतं, चुरचुरतं, तो धावत डॉक्टरकडे जातो. तुम्हाला खुपत नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच दिलं आहे: पावडर लावताना गालाला हात लागलेला कळत नाही. गालाची आणि बुबुळाची संवेदना मेंदूपर्यंत नेते ती पाचवी नस. तीन सेंटिमीटरची गाठ वरच्या अंगाला वाढली की तिच्यावर दाब येतो. सातवी नस बंद आणि पाचवी बधिर अशी जोडी जमली की डोळ्यावर जखम होते आणि धन्याला पत्ता लागत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर, व्रण होतो, त्यात जंतू शिरतात, मग फूल पडतं आणि नजर जाते. चेहऱ्याला सुधारायला पुढे महिने आहेत. कॉर्नियाकडे कधीकधी दोन-तीन दिवसही नसतात.

तेव्हा आजच्या आज डोळा दाखवा. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे नेत्रविभाग असेल तर उत्तम. नसेल तर तुम्हाला घाटकोपरचं राजावाडी जवळ आहे, सायनही फार लांब नाही. रविवार असला तर कॅज्युअल्टीत जा. तिथल्या डॉक्टरला 'डोळा लाल झालाय' एवढंच सांगाल तर डोळे आलेत असं समजून थेंब हातात पडायची शक्यता आहे. असं सांगा: ऑगस्टमध्ये अकूस्टिक न्यूरोमाचं ऑपरेशन झालं, सातवी नस चालत नाही, पाचवी बधिर वाटते. हे ऐकलं की डॉक्टर कापसाच्या धाग्याने बुबुळाला स्पर्श करून बघतील, डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात व्रण शोधतील. स्वतःच्या मनाने औषधाच्या दुकानातून थेंब आणू नका. स्टिरॉइडचे थेंब तर अजिबात नकोत.

व्रण निघाला तर उपचार डॉक्टर ठरवतील. निघाला नाही तर, किंवा बरा झाल्यावर, डोळ्याची रोजची बडदास्त तुमच्याकडे. जागेपणी कृत्रिम अश्रूंचे थेंब, सुरुवातीला तासातासाला. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, थोडे महाग पडतात पण रोज दहा-बारा वेळा प्रिझर्व्हेटिव्ह डोळ्यात जाणं बरं नाही. रात्री घट्ट मलम, आणि पापणी हाताने पूर्ण मिटवून त्यावर मायक्रोपोरची पट्टी. नुसती गॉजची घडी ठेवून वर पट्टी मारू नका. आत पापणी उघडते आणि गॉज रात्रभर बुबुळावर घासत राहतं, हे मी एकापेक्षा जास्त जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. पंखा थेट तोंडावर येतो का ते बघा आणि खाट सरकवा. मुंबईच्या घरात खाट सरकवायला जागा कुठून आणायची हा प्रश्न रास्त आहे, निदान उशी पायथ्याकडे घ्या. पतपेढीत एसीचा झोत कुठे येतो तेही बघा. लोकलमध्ये दाराशी किंवा खिडकीशी वाऱ्याच्या तोंडावर बसू नका, बाजूने बंद असलेला गॉगल घाला. अधूनमधून बोटाच्या मागच्या बाजूने पापणी हलकेच मिटवायची सवय लावा. त्या डोळ्यात काजळ घालणं बंद.

आता पुढे आणखी एक गोष्ट तुम्हाला सुचवतील आणि तुम्ही दचकाल, म्हणून आधीच सांगते. पाचवी खरोखर बधिर असेल तर पापण्यांची बाहेरची कड टाके घालून थोडी शिवून टाकतात. डोळ्याची फट लहान होते, कॉर्निया झाकला जातो. दिसायला बरं दिसत नाही, पण पुढे टाके सोडवता येतात, नजर मात्र गेली की परत येत नाही. दुसरा उपाय वरच्या पापणीत सोन्याची किंवा प्लॅटिनमची चपटी पट्टी बसवण्याचा आहे, वजन एक ग्रॅमच्या आसपास. ती आतून असते, वजनाने पापणी खाली येते आणि बसल्या-उभ्या डोळा मिटतो. नस सुधारली की काढतात. एमआरआयला सोन्याची अडचण नसते. लग्नघरात सोन्याचा भाव तोंडपाठ असतो, त्यात हा एक ग्रॅम धरा, याच्याइतका सत्कारणी लागलेला दागिना दुसरा नसेल.

डोळा मार्गी लागला असं धरून आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. शाबूत आहे तर हलत का नाही?

सातवी आणि आठवी नस ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून, शेजारी शेजारी निघतात आणि कानाच्या आतल्या जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून एकत्र जातात. आठवीकडे ऐकणं आणि तोल, सातवीकडे चेहरा. तुमची गाठ आठवीच्या तोलाच्या फांदीवरच्या आवरणातून वाढली. चेहऱ्याच्या नसेची ती गाठच नव्हती. पण वर्षानुवर्षं हळूहळू फुगत तिने शेजारणीला ताणून ताणून असं पसरवलं की मोठ्या गाठीवर सातवी नस सुतळीसारखी गोल राहत नाही, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चपटी होऊन गाठीला चिकटून बसते. त्यातून या भागात नसेला बाहेरचं जाड संरक्षक आवरण नसतं, ते पुढे गेल्यावर मिळतं. गंमत अशी की एवढी ताणली गेली तरी ती ऑपरेशनपूर्वी बहुतेकांत काम करत राहते. सावकाश आलेला ताण ती सोसते. म्हणून तर तुमचा कान दोन वर्षं कुरकुरत होता आणि चेहरा ठणठणीत होता. ऑपरेशनमध्ये गाठ तिच्यावरून सोलून काढावी लागते, आणि काही तासांत आलेला ताण, उष्णता, रक्तपुरवठ्यातली गडबड मात्र तिला सोसत नाही.

सर्जन 'शाबूत' म्हणतात तेव्हा त्यांना दिसलेलं ते सांगत असतात: सूक्ष्मदर्शकाखाली नस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे. पण या नसेत साधारण दहा हजार तंतू असतात, आणि बाहेरचं वेष्टन सलग असताना आतल्या तंतूंचं काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. काहींचा नुसता संदेश थांबलेला असतो, ते काही आठवड्यांत जागे होतात. काही तंतू आतून तुटलेले असतात. त्यांचा पुढचा भाग मरतो आणि मागच्या टोकापासून नवा तंतू त्याच वेष्टनातून वाढत पुढे यावा लागतो. म्हणजे नस शाबूत हेही खरं आणि चेहरा हलत नाही हेही खरं. तुमच्यापासून कोणी काही लपवलेलं नाही. पूर्ण वाक्य सांगायला मात्र ओपीडीत कोणाला वेळ मिळाला नसावा, आणि याचा मला राग येतो. 'धीर धरा' हे अर्धं वाक्य आहे. किती दिवस, कशाची वाट बघत, आणि ते नाही झालं तर पुढे काय, हे उरलेलं अर्धं रुग्णाला मिळालं पाहिजे.

ते असं. नवा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कानाच्या आतल्या त्या बोगद्यापासून मधल्या कानामागून वळसे घेत, कानाच्या पाळीखालून बाहेर पडून गालापर्यंतचा रस्ता दहा-बारा सेंटिमीटरच्या पुढे जातो. गणित तुम्ही करा, पतपेढीत बसता. चार महिन्यांच्या आत काही दिसलं तर ते नुसते थांबलेले तंतू होते म्हणायचे. तुमचं अजून तसं झालेलं नाही, म्हणजे इजा बहुधा त्याहून खोल असावी. पण अकरा आठवड्यांत हालचाल नाही यावरून कायमचं गेलं असा निकाल कोणीही लावू शकत नाही. अनेकांत पहिली खूण सहाव्या-आठव्या महिन्यात दिसते, आणि सुधारणा वर्ष-दीड वर्ष चालू राहते.

पहिली खूण हालचालीची नसते, म्हणून ती निसटते. आधी नुसतं लोंबणं कमी होतं. नाकाच्या कडेपासून ओठाकडे येणारी घडी, जी आता सपाट झाली असेल, ती पुसट परत दिसू लागते. पाणी पिताना ओघळ कमी येतो. मग गालात किंवा ओठाच्या कोपऱ्यात बारीक फडफड. कपाळ सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळांत पूर्ण येतच नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मुलीकडून मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून घ्या, त्याच खिडकीच्या उजेडात: चेहरा स्वस्थ, डोळे हलके मिटून, दात दाखवून, ओठांचा चंबू करून. रोज आरशात बघून काही कळत नाही, नुसती उमेद खचते.

कार्डावरचं 'एचबी' म्हणजे हाउस-ब्रॅकमन मोजपट्टी, १९८५ पासून जगभर वापरतात. १ म्हणजे चेहरा पहिल्यासारखा, ६ म्हणजे काहीच हालचाल नाही. त्यात एक पायरी लक्षात ठेवा. ३ वर जोर लावून का होईना डोळा पूर्ण मिटतो, ४ वर मिटत नाही. सहावरून सुरुवात झालेली आणि नस सलग राहिलेली पुष्कळ माणसं तिसऱ्या पायरीच्या आसपास येतात. पहिल्या पायरीची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. जे तंतू तुटून पुन्हा वाढतात ते सगळे आपापल्या जुन्या घरी जात नाहीत. हसण्यासाठी निघालेला तंतू पापणीत शिरतो, मग हसलं की डोळा बारीक होतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं. हे झालं तर घाबरू नका, नस आल्याचीच ती खूण आहे, आणि त्यावर शिकवणीचा व्यायाम आणि बोटॉक्सची छोटी इंजेक्शनं असा चांगला उपाय आहे.

पुढच्या भेटीला सर्जनना दोन गोष्टी विचारा, आणि नुसत्या तोंडी नको, ऑपरेशन नोटची प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अशा ऑपरेशनमध्ये चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया लावून नसेवर लक्ष ठेवतात, आणि गाठ काढून झाल्यावर ब्रेनस्टेमजवळ नसेला अगदी सौम्य विद्युतस्पर्श करून चेहरा प्रतिसाद देतो का ते बघतात. पहिला प्रश्न, शेवटी प्रतिसाद मिळाला होता का, आणि किती मिलिअँपिअरला. जितक्या कमी करंटला मिळाला तितकी आशा अधिक. दुसरा प्रश्न, सहा महिने झाल्यावर ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विद्युतसंदेश मोजणारी तपासणी, कधी करायची. तिच्यात चेहरा दिसायला हलण्याआधी तंतू पोहोचल्याची चाहूल लागू शकते.

आता ज्या तारखेसाठी मी हे सगळं लिहिते आहे ती. फेब्रुवारीत सहा महिने होतील. तोवर काहीच खूण नसेल तर चेहऱ्याच्या नसेचं काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जनला दाखवा. ऑपरेशन करायला नव्हे, ओळख करून ठेवायला आणि योजना ठरवायला. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. सर्वसाधारणपणे वर्षभर नसेची वाट बघतात, आणि ती नाही आली तर चावण्याच्या स्नायूची किंवा जिभेची नस चेहऱ्याच्या नसेला जोडून देतात. पण ही जोडणी चेहऱ्याचे स्नायू जिवंत असेपर्यंतच उपयोगी. दीड-दोन वर्षं संदेश न मिळालेला स्नायू वाळून जातो, मग मांडीचा स्नायू आणून बसवण्यासारखं मोठं काम करावं लागतं. 'बघू, येईल हळूहळू' म्हणत तीन वर्षांनी येणाऱ्यांना पाहून हळहळ वाटते, कारण सोपा रस्ता तोवर बंद झालेला असतो.

करंटबद्दल. आपल्याकडे गल्लोगल्ली तोंड वाकडं झालं की मशीन लावतात, आणि लोकांनाही काहीतरी चाललंय असं वाटतं. विजेने स्नायू उडतो, नस त्याने लवकर वाढते असा भरवशाचा पुरावा नाही. चेहऱ्याच्या व्यायामात खास शिकलेले बहुतेक फिजिओथेरपिस्ट ते टाळतात, नंतरचे चुकीचे जोड आणि आखडणं वाढण्याची धास्ती असते म्हणून. मी तुमच्या जागी असते तर बंद केलं असतं आणि ते पैसे थेंबांवर खर्च केले असते. फुग्यांचं तसंच. फुगा फुगवताना जोर लावते ती डावी, चांगली बाजू, आणि ती तोंड आणखी आपल्याकडे ओढते. च्युइंगगमची तर कमाल आहे. चावण्याचे मुख्य स्नायू पाचव्या नसेवर चालतात, सातवीचा त्यात संबंधच फारसा येत नाही. शिवाय तुमचा गाल बधिर आहे, आतून चावला गेला तरी कळायचं नाही.

मग करायचं काय? सध्या फार काही नाही, आणि हेच जड जातं. गालाला हलक्या हाताने मालीश, वरच्या पापणीला खाली ओढून सैल ठेवणं, डाव्या बाजूने अति ओढून हसणं-बोलणं कमी करणं. हालचाल दिसू लागली की खरं शिक्षण सुरू होतं: आरशासमोर, संथ, लहान, दोन्ही बाजू सारख्या राहतील एवढीच हालचाल. जितका जोर कमी तितकं चांगलं. हे शिकवणारं माणूस शोधा. केईएम आणि नायरचे फिजिओथेरपी विभाग आहेत, हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. गेल्यावर पहिला प्रश्न विचारा, 'चेहऱ्याचं रीट्रेनिंग करता का?' उत्तरादाखल मशीनकडे बोट दाखवलं तर दुसरीकडे चला.

पारव्याच्या रक्ताबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. डॉक्टरांनी डोळ्याजवळ काहीही लावायला सक्त मनाई केली आहे, असं माझं नाव पुढे करून सांगा. उघड्या, बधिर डोळ्याच्या शेजारी कच्चं रक्त म्हणजे जंतूंना आवतण. मायेने हात फिरवायचा असेल तर गालावर खोबरेल तेल लावून फिरवू द्या, त्यांनाही काहीतरी केल्यासारखं वाटेल.

दिरांची गोष्ट वेगळी होती. त्यांना बहुधा बेल्स पाल्सी झाली असेल. तिच्यात नस हाडातल्या अरुंद जागेत सुजते आणि दबते, पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर फायदा होतो, आणि बहुतेक जण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात. तुमची नस सुजली नाही, गाठीवरून सोलली गेली. बाहेरून दोघांचं तोंड सारखंच वाकडं दिसतं, म्हणून घरोघरी तुलना होते आणि ज्याचं लवकर बरं होत नाही त्याच्याच प्रयत्नांत काही कमी आहे असं ठरतं. जाता जाता बाकीच्या वाचकांसाठी: तोंड अचानक वाकडं झालं आणि त्याबरोबर हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघाताचा झटका समजून तासाच्या आत मोठं रुग्णालय गाठा. आणि एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, एकाच कानात गुंजारव असेल, तर 'मोबाइलमुळे असेल' म्हणून वर्षं घालवू नका, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून कान-नाक-घसा तज्ज्ञाला एमआरआयबद्दल विचारा.

नणंदेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गॅमा नाइफमध्ये चेहऱ्याची नस बहुतेकांत वाचते, शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक. पण ते लहान आणि मध्यम गाठींचं गणित आहे. तीन सेंटिमीटरच्या गाठीचा ब्रेनस्टेमवर दाब आला असेल तर किरणांनी तो लगेच उतरत नाही, उलट काही महिने गाठ थोडी फुगूही शकते. त्या आकाराला ऑपरेशन सुचवणं हा सर्वमान्य मार्ग आहे. नसेवरचा पातळ थर ठेवून द्यायचा निर्णयही तुमच्या चेहऱ्याचा विचार करूनच घेतलेला दिसतो. हट्टाने तोही खरवडला असता तर आज नस शाबूत आहे हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं.

लग्न फेब्रुवारीत. तोवर पूर्ण नीट होईल का? नाही होणार, ताई. गाल थोडा सावरलेला असू शकतो, कदाचित तेवढंही नसेल. सोन्याची पट्टी बसवून घेतली असेल तर डोळा मिटत असेल, आणि फोटोत चेहऱ्याला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. फोटोग्राफरला आधी भेटून सांगा की डावीकडून घ्या, हसा हसा म्हणून ओरडू नका. ही मंडळी समजूतदार असतात, रोज शंभर चेहरे बघतात. होमाच्या धुराच्या बाजूला बसू नका. आणि अक्षता! मंगलाष्टकं संपली की चारही बाजूंनी मूठभर तांदूळ येतात, तुमचा उजवा डोळा ते चुकवायला मिटणार नाही. चष्मा घाला, नंबरचा नसला तरी साध्या काचेचा. शालूवर चष्मा कसा दिसेल ते सोडून द्या, विहीणबाईंनी विचारलं तर नजर लागू नये म्हणून घातलाय म्हणा.

काउंटरवर परत जायचं तर उजवीकडे भिंत येईल अशी खुर्ची मागून घ्या, चांगला कान गिऱ्हाइकाकडे राहील. ओळखीच्या गिऱ्हाइकांना एकदाच सरळ सांगून टाका: ऑपरेशन झालंय, चेहरा हलत नाही, रागावलेली नाहीये. यजमान 'दिसतंय तसं ठीक आहे' वगैरे म्हणत असतील तर ते प्रेमापोटीच, पण तुम्हाला ते ठीक वाटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, माणसं टाळावीशी वाटू लागली, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. एका कानाने ऐकण्याच्या अडचणीवर उपाय करणारी यंत्रं असतात, त्याची चौकशी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत करा, पण ती घाई नाही, लग्नानंतर जा.

राहता राहिला तो ठेवलेला थर. त्यावर नजर ठेवायला ठरावीक काळाने एमआरआय होत राहील, पहिला साधारणपणे ऑपरेशननंतर काही महिन्यांत आणि मग वर्षावर्षाने. असा पातळ थर पुष्कळदा आहे तसाच राहतो, वाढला तर तेव्हा तो लहान असल्यामुळे गॅमा नाइफचा विचार करता येतो. प्रत्येक वेळची सीडी आणि फिल्म जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नको, कारण नवा डॉक्टर आधीच्या चित्राशी मापं ताडून बघतो. ऑपरेशन नोट, डोळ्याचे कागद आणि मुलीने काढलेले व्हिडिओ त्याच पिशवीत असू द्यात.